जमालभाईंची एकही गाडी चुकली नाही

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात, किल्ल्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर, अत्तरवाला आणि मोबाइलवाला यांच्या मध्ये एक ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. बाहेर काचेवर विमान रंगवलंय, पण आत शिरलात की भिंतीवर सगळ्या गाड्याच गाड्या. लांब नाकाच्या, लाल, पांढऱ्या, हिरव्यागार कुरणांतून सुसाट निघालेल्या. त्या चित्रांच्या खाली जमालभाई हमदुले बसतात आणि बाहेर पंचेचाळीस डिग्रीत रस्ता वितळत असताना समोरच्या गिऱ्हाइकाला सांगतात की ॲमस्टरडॅमला संध्याकाळी स्वेटर लागेल.

पॅरिसहून ब्रसेल्स, ब्रसेल्सहून ॲमस्टरडॅम, मिलानहून झ्युरिक. एका देशात नाश्ता करायचा आणि दुसऱ्या देशात जेवायचं, असा प्रवास विकण्यात जमालभाईंचा हात धरणारं अख्ख्या बातिना प्रांतात कुणी नाही. उन्हाळा आला की ओमानी कुटुंबं त्यांच्याकडे रांग लावतात. अकरा-अकरा माणसं, सोबत भाताचा कुकर. जमालभाई त्यांना खुर्चीत बसवून धडे देतात. "गाडी सुटायच्या आधीच दार लागतं. मग राजा आला तरी उघडत नाही. इन्शाल्ला म्हणा, पण पळता पळता म्हणा." आणि सगळ्यात महत्त्वाचं, "गाडी जाते त्याच दिशेला तोंड करून बसा. उलटं बसलात की मळमळतं. मी सांगतो ना!"

'मी सांगतो ना' या तीन शब्दांवर जमालभाईंचं सगळं नाव उभं होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं, बिचारा ब्रसेल्सच्या गाडीत एकदा उलटा बसला असणार. त्यांचा अर्बाब, म्हणजे ऑफिसचा ओमानी मालक सुलेमान, तर पाहुण्यांना त्यांची ओळखच अशी करून द्यायचा की हा जमाल, याने सगळा युरोप रेल्वेने पालथा घातलाय. जमालभाई त्यावर नुसते मान खाली घालून हसायचे. खोटं त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही. लोकांनी सांगितलेलं खोडलं नाही, एवढंच.

खरी गोष्ट अशी होती की जमालभाई युरोपात कधी गेलेच नव्हते. बरं, युरोप राहू द्या. जमालभाई उभ्या आयुष्यात रेल्वेतच बसले नव्हते. कुठल्याच.

यात त्यांचा दोष म्हणावा तर फार नाही. गाव दाभोळच्या खाडीकाठी. खेडला रेल्वे येऊन जमाना झाला, पण तिथं उतरून गावात जायचं ते एसटीनेच, मग पहिल्यापासूनच एसटी का नको, असा त्या गावाचा रोखठोक विचार. पुढे जमालभाई ओमानला आले ते विमानाने. सुट्टीवर जायचे तेव्हा मुंबईच्या विमानतळावर गावाहून सुमो हजर असायची. आखातातून माणूस येतोय आणि त्याला घ्यायला अर्धं गाव जात नाही, हे कोकणात चालत नाही. सहा माणसं त्यांना आणायला यायची आणि जाताना बॅगांच्या खाली दबून जायची. त्या सुमोतून सुटून रेल्वेत बसायला संधी मिळणार कधी? आणि ओमानात तर माणसं नेणारी रेल्वेच नाही. रुळांचं काम चाललंय, असं अधूनमधून पेपरात येतं तेवढंच.

मग हे ज्ञान आलं कुठून? व्हिडिओंतून. युरोपातले ड्रायव्हर इंजिनाच्या काचेतून सगळा रस्ता टिपून इंटरनेटवर टाकतात. जमालभाई दुपारच्या सुट्टीत जेवून आडवे व्हायचे आणि छातीवर फोन ठेवून पॅरिस ते कोलोन बघत झोपी जायचे. त्यांची बायको दिलशाद म्हणायची, "बाकीच्यांचे घोव दुपारी घोरतात, माझा घोव बेल्जियममध्ये घोरतो." हे गुपित फक्त तिला ठाऊक होतं. ते तिने सांभाळलं होतं, पण फुकट नाही. साखर आणायला सांगितलेली जमालभाई विसरले की ती दारात उभी राहून म्हणायची, "राहू द्या. तुमी युरोपातले मानूस, तुमाना साखर कशी आठवंल?"

एवढं असूनही जमालभाईंची एक गोष्ट शंभर नंबरी खरी होती. त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाची गाडी कधी चुकली नव्हती. हे ते सगळ्यांना सांगायचे, आणि ते सांगताना त्यांची छाती जी फुगायची ती पाहण्यासारखी असायची.

एका शुक्रवारी मस्कतच्या वादी अदाईहून बंटी आला. वय चाळिशीच्या पुढे, कंपनीत मॅनेजर, पण आई बरोबर होती म्हणून बंटी. रुस्ताकच्या रस्त्याचं काम चालू असताना तो इथंच राहायचा, तेव्हापासून जमालभाईंची ओळख. आई, कलावतीबाई, कऱ्हाडच्या. तिथं बाजारपेठेत त्यांनी वीस-पंचवीस वर्षं खानावळ चालवली होती, त्यामुळे समोरचा माणूस उपाशी आहे की थापा मारतोय हे त्यांना बघताक्षणी कळायचं. ओमानला येऊन त्यांना चारच दिवस झाले होते आणि पुढे जायचं होतं जर्मनीला. तिथं कोलोनला त्यांची मुलगी देविका राहते, तिचं बाळंतपण.

"मस्कतहून पॅरिसला विमान, आणि पॅरिसहून थेट कोलोनची हायस्पीड ट्रेन," जमालभाई म्हणाले. "मधे उतरायचं नाही, बदलायचं नाही. मावशी, लोण्यातून सुरी जावी तशी जाते गाडी."

कलावतीबाईंनी भिंतीवरच्या गाड्या एकेक करून बघितल्या. "तुम्ही बसलायत हिच्यात?"

"मावशी, डोळे मिटले तरी मला सगळी स्टेशनं दिसतात."

हेही खरंच होतं. कलावतीबाई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, पण बोलल्या दुसरंच. "हे बघा जमालभाऊ, मागच्या खेपेला मला व्हिसा मिळाला नाही. देविका तिकडं एकटी होती आणि ते बाळ काही राहिलं नाही. या वेळी डॉक्टरांनी तारीख दिलीय. मी पोचेन त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. पोरगी म्हणते, आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही. तेव्हा मला तिथं पोचायचंच आहे."

जमालभाईंनी उगाच समोरचा स्टेपलर सरळ केला. मग म्हणाले, "मावशी, माझ्या एकाही माणसाची गाडी आजवर चुकलेली नाही."

आता इथं एका शब्दाबद्दल सांगायला हवं. आखातात 'खलास' हा फार कामाचा शब्द आहे. काम झालं, खलास. समजलं, खलास. भांडण मिटलं, काळजी नको, पुरे वाढ आता, सगळ्याला खलास. त्याचा जोडीदार 'यल्ला', म्हणजे चला, निघा. बरीच वर्षं तिकडं काढलेल्या माणसाच्या बोलण्यात हे शब्द मिठासारखे मुरतात, टाकलेले त्याचे त्याला कळत नाहीत. आपल्याकडे मात्र खलास म्हणजे खलास. कऱ्हाडात एखाद्याला खलास केला म्हणाले तर पोलीस येतात.

तो दिवस आला. रुस्ताकचा बाजार दुपारी बंद होतो तसा झाला होता आणि जमालभाई घरी जेवायला बसले होते. सुरमईचं सालन, तांदळाची भाकरी. पहिला घास हातात असतानाच फोन वाजला. पॅरिसच्या स्टेशनातून कलावतीबाई.

"जमालभाऊ, मी आले हो स्टेशनात. टॅक्सीवाल्यानं बरोबर आणून सोडलं. पण फोनमधलं तिकीट गेलं! मी आपलं चष्म्यानं नीट बघायला म्हणून कुठंतरी दाबलं, तर गेलंच!"

"घाबरू नका मावशी, मी परत पाठवतो." जमालभाईंनी डाव्या हाताने दुसरा फोन उघडला, तिकीट शोधलं, पाठवलं. उजवा हात सालनात. तिकीट पोचल्याच्या दोन खुणा दिसल्या आणि त्यांना हायसं वाटलं. ते आनंदाने ओरडले, "खलास, मावशी, खलास! यल्ला!" आणि फोन ठेवून भाकरीकडे वळले.

भाकरी संपत आली तेव्हा पुन्हा फोन वाजला. कलावतीबाईंचा आवाज आता शांत होता, म्हणजे अगदी नको इतका शांत.

"मग आता काय करायचं, जमालभाऊ?"

"काय म्हणजे? बसलात ना?"

"बसलेय की. बाकावर. तुम्ही म्हणालात ना, खलास, गेला. म्हटलं, सगळंच गेलं, आता निदान दोन घास खाऊन घ्यावेत. दशम्या होत्या बरोबर."

जमालभाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "गेला नाही मावशी, यल्ला! यल्ला म्हणजे निघा! समोर गाडी होती का एखादी?"

"होती. लाल. लांबलचक. मी जेवत होते तेव्हा गेली ती." कलावतीबाईंनी भर घातली, "छान होती."

दिलशादने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आली. जमालभाईंचा चेहरा बघून तिची थट्टा ओठांवरच राहिली. सालनाचा हात तसाच हवेत धरून ते दुसऱ्या फोनवर भराभर बघत होते. थेट कोलोनच्या त्या दिवशीच्या गाड्या भरलेल्या. एकही जागा नाही. राहता राहिला एक मार्ग. पॅरिसहून ब्रसेल्सपर्यंत एक गाडी, तिथं उतरून दुसरी, जर्मनांची. मधे थोडाच वेळ, आणि भाषा न कळणारी एकटी बाई, बरोबर अळीव, डिंक आणि बाळंतशोपा यांनी भरलेली बॅग.

"मावशी, चूक माझी," ते म्हणाले. "पण तुम्ही आज पोचणार. आता मी सांगतो तसंच करायचं."

"या वेळी मराठीत सांगा," कलावतीबाई म्हणाल्या.

जमालभाईंनी दोन्ही गाड्यांची नवी तिकिटं काढून पाठवली. पॅरिसहून पहिली गाडी मिळाली. त्यांनी डब्यात बसून फोन केला तेव्हा जमालभाईंनी अल्लाचं नाव घेतलं आणि मग ती ब्रसेल्सला पोचेपर्यंत घरात इकडून तिकडे नुसते फिरत राहिले. हात धुवायचं भानच नव्हतं. सालन बोटांवर वाळून गेलं होतं.

ब्रसेल्स आलं. कलावतीबाईंनी फोन लावला आणि जमालभाई सावरून बसले. हे स्टेशन त्यांना पाठ होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"मावशी, सरकत्या जिन्यानं खाली उतरा. उतरलात? आता डावीकडे फुलवाला दिसेल."

"इथं चपलांचं दुकान आहे."

"नाही, फुलवालाच असणार. नीट बघा."

"जमालभाऊ, फुलं आणि चपला यांतला फरक मला कळतो."

"बरं मग पुढे निळा बोर्ड…"

"पिवळा आहे."

"त्याच्यासमोर वॉफलची गाडी…"

"तिथं पत्रे लावलेत, आत काम चाललंय." मागे गर्दीचा गलका, कुठल्याशा परक्या भाषेतल्या घोषणा. मग कलावतीबाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इथं शेवटचे कधी आला होतात?"

जमालभाईंनी दुसरा फोन उघडून स्टेशनाचा व्हिडिओ शोधायला घेतला. ब्रसेल्समध्ये एक बाई बॅग घेऊन उभी, गाडी सुटायला आलेली, आणि रुस्ताकमध्ये हा माणूस व्हिडिओ शोधतोय. दिलशादने डाव टेबलावर आपटला. "सांगून टाका आता! ती बाय थय उभी हाय!"

"मावशी," जमालभाई म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तो त्यांचाच त्यांना ओळखू येईना, "मी कधीच आलो नाही. ब्रसेल्सला नाही, पॅरिसला नाही. मी रेल्वेतच कधी बसलो नाही. सगळं फोनमध्ये बघितलंय."

मग कलावतीबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे आपण दोघंही नवीन. मग आता फोन ठेवा. मी विचारते कुणाला तरी."

आणि फोन बंद.

त्यानंतरचा वेळ जमालभाईंना कसा गेला ते त्यांचं त्यांनाच माहीत. गिऱ्हाईक हातचं गेलं, नाव गेलं, अर्बाबच्या कानावर आज ना उद्या जाईलच, यातलं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना एकच दिसत होतं, की कोलोनमध्ये एक पोरगी दाराकडे डोळे लावून बसलीय आणि तिची आई आपल्या एका शब्दामुळे फलाटाच्या बाकावर दशमी खात बसली. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. जिभेला चटका द्यावा असं वाटलं. दिलशादने पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही.

फोन वाजला तो व्हिडिओचा. पडद्यावर कलावतीबाईंचं अर्धं कपाळ आणि मागे निळी खुर्ची.

"बसले," त्या म्हणाल्या. "कोलोनचीच आहे. चारदा विचारून घेतलं."

"कुणी सांगितलं, मावशी?"

"एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन चालली होती. म्हटलं, बाळवाली बाई उगाच काही सांगणार नाही. फोनातलं तिकीट तिच्यासमोर धरलं, तिनं दारापर्यंत आणून सोडलं." जमालभाईंनी मान खाली घातली. कलावतीबाईंनी फोन नीट धरला. मग म्हणाल्या, "आता तुम्ही बसा."

"कुठं?"

"गाडीत. आणखी कुठं?" असं म्हणून त्यांनी फोन खिडकीपाशी बाळंतशोपेच्या डब्याला टेकवून उभा केला, कॅमेरा बाहेर. "बंटीनं नेट भरपूर भरून दिलंय. बघा काय बघायचंय ते. मी जरा पाठ टेकते, कालपासून डोळ्याला डोळा नाही. पण कोलोन आलं की मला उठवायचं. या वेळी चुकलात तर बघा!"

गाडी हलली. जमालभाईंनी फोन भाकरीच्या टोपलीला टेकवून उभा केला. खुर्चीवर बसले, आणि बसल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, उठले, खुर्ची फिरवली आणि गाडी ज्या दिशेला चालली होती त्या दिशेला तोंड करून पुन्हा बसले. दिलशादने हे सगळं बघितलं. दुसरी खुर्ची ओढली, तीही त्याच दिशेला वळवली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

"खिडकीकडं मी बसतंय," ती म्हणाली.

"खिडकी मधेच आहे. तुला पण दिसंल, मला पण."

मग ब्रसेल्सची घरं मागे गेली आणि शेतं धावायला लागली. व्हिडिओत जमालभाईंनी हाच रस्ता नको तितक्या वेळा बघितला होता, पण तो ड्रायव्हरच्या समोरच्या काचेतून. बाजूच्या खिडकीतून जग असं पळतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गायी होत्या, पवनचक्क्या होत्या, एका घरामागे वाळत घातलेल्या चादरी होत्या. "आगो, बघ बघ," असं ते म्हणेपर्यंत ते गेलेलं असायचं. दिलशाद म्हणाली, "चादरी तरी नीट बघू द्या त्या घरातल्या बाईच्या." मध्येच तिने चहा केला आणि दोघांनी तो गाडीत बसून प्यायला. लीएजचं पांढरं शुभ्र, भलंमोठं कमानींचं छप्पर आलं तेव्हा जमालभाई उभे राहिले, आणि मग आपण उभे का राहिलो हे न कळून खाली बसले. पुढे झाडी आली, बोगदे आले, प्रत्येक बोगद्यात चित्र काळं झालं की दोघं श्वास धरून बसायची. बाजार उघडायची वेळ होऊन गेली होती. ऑफिसच्या दारात कुणी उभं असेल, असू दे. जमालभाई प्रवासात होते.

दोन मोठे काळे मनोरे लांबून दिसले आणि त्यांनी ओळखलं, कोलोनचं चर्च. "मावशी!" ते ओरडले. "मावशी, उठा! कोलोन! उठा!" तिकडे अख्खा डबा दचकला असावा, कारण कलावतीबाई आधी कुणाची तरी माफी मागताना ऐकू आल्या. मग चित्रात त्यांचा हात आला, खिडकी गेली, डब्यातल्या छताचे दिवे आले, बॅगेचा पट्टा आला, आणि मग फलाटावर लांबून धावत येणारा एक पुरुष आणि त्याच्या मागे, एका हाताने कंबर धरून, धावायला मनाई असल्यामुळे भराभर चालणारी एक पोटुशी मुलगी. "आई!" एवढं एकच ऐकू आलं. फोन कुठल्यातरी पदरात गेला आणि सगळं बंद झालं.

दिलशादने ओढणीने डोळे पुसले. मग जमालभाईंच्या हाताकडे बघून म्हणाली, "आता तरी हात धुवा. सालन सुकून खडक झाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसात अर्बाब सुलेमान समोर बसलेला असताना, कऱ्हाडच्या आवाजातला एक छोटा निरोप आला. जमालभाईंनी तो तसाच मोठ्याने लावला.

"जमालभाऊ, मुलगी झाली. दोघी सुखरूप. खलास!"

अर्बाबला मराठी येत नाही, पण शेवटचा शब्द त्याला कळला. "अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला, आणि कुणाचं काय झालं हे नंतर विचारलं.

त्याच आठवड्यात अर्बाबचा एक चुलतभाऊ आला. कुटुंब घेऊन युरोपला जायचं होतं. अर्बाबने नेहमीसारखी सुरुवात केली, की हा जमाल, याने सगळा युरोप रेल्वेने… जमालभाईंनी त्याला हाताने थांबवलं. अर्बाबला मध्येच थांबवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"सगळा नाही, अर्बाब," ते म्हणाले. "एकदाच बसलोय. ब्रसेल्स ते कोलोन. खिडकीजवळ." आणि मग, विचारलं नव्हतं तरी, "बायको पण होती बरोबर."